भोसले छत्रपती घराण्याचा वारसाक्रम

भोसले छत्रपती घराण्याचा वारसाक्रम म्हणजे मराठा राज्याच्या छत्रपतिपदावर आलेल्या व्यक्तींचा क्रम होय. रायगडावर (सध्याचा महाड तालुका, रायगड जिल्हा) ६ जून १६७४ रोजी शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाने हे पद निर्माण झाले. ज्येष्ठ पुत्राचा हक्क सामान्यतः मानला जाई. तथापि वारसाचे वय, सरदारांचा पाठिंबा व युद्धस्थिती यांचाही निर्णयावर प्रभाव पडे.

रायगडावरील वारसाप्रश्न

३ एप्रिल १६८० रोजी शिवाजी महाराजांचे रायगडावर निधन झाले. त्या वेळी थोरले पुत्र संभाजी पन्हाळ्यावर होते. सोयराबाई व काही प्रधानांनी दहा वर्षांच्या राजारामांचे मंचकारोहण केले. मात्र सोयराबाईंचे बंधू सरसेनापती हंबीरराव मोहिते यांनी संभाजींचा पक्ष घेतला. जानेवारी १६८१ मध्ये संभाजींचा रायगडावर राज्याभिषेक झाला.

फेब्रुवारी १६८९ मध्ये संभाजी महाराज मोगलांच्या कैदेत पडले. त्यांचे पुत्र शाहू तेव्हा सातव्या वर्षात होते. राज्याला कर्ता पुरुष हवा म्हणून येसूबाईंच्या संमतीने राजाराम गादीवर आले. त्याच वर्षी रायगड मोगलांकडे गेला व येसूबाई आणि शाहू कैद झाले.

दोन गाद्या

१७०० मध्ये राजारामांच्या निधनानंतर ताराबाईंनी आपले पुत्र दुसरे शिवाजी यांना गादीवर बसवले. १७०७ मध्ये सुटून आलेल्या शाहूंनी ज्येष्ठ शाखेचे वारस म्हणून हक्क सांगितला. संभाजींच्या काळातील राज्य गेले असून नंतरचे राज्य राजारामांनी राखले, असे ताराबाईंचे म्हणणे होते. शाहूंचा १७०८ मध्ये साताऱ्यास राज्याभिषेक झाला. राजारामांच्या वंशाची गादी कोल्हापुरास राहिली. १७३१ च्या वारणेच्या तहाने दोन्ही राज्यांच्या सीमा ठरल्या.

दत्तकविधान

शाहूंच्या पश्चात, ताराबाईंनी नातू म्हणून पुढे आणलेले रामराजे साताऱ्याच्या गादीवर आले. पुढे ताराबाईंनीच हे नाते नाकारले. १८४८ मध्ये शहाजी उर्फ आप्पासाहेब यांच्या निधनानंतर डलहौसीने त्यांचे दत्तकविधान अमान्य केले व सातारा संस्थान खालसा झाले. कोल्हापुरात मात्र दत्तक वारस मान्य होत गेले. १८८४ मध्ये कागलच्या घाटगे घराण्यातून दत्तक आलेले शाहू महाराज हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. कोल्हापूर संस्थान १९४९ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले. १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने माजी संस्थानिकांची शासकीय मान्यता व तनखे संपुष्टात आले.