डब्यावरचं हिरवं पान

मुलांनो, मागच्या महिन्यात मी वन-नॉर्थला ऑफिसजवळ जेवण बांधून घेतलं. तपकिरी डबा, पारदर्शक झाकण, त्यावर हिरवं पान आणि 'कंपोस्टेबल' हा शब्द. घरी मुलीने विचारलं, "बाबा, मग हा कुंडीत पुरायचा का?" मी 'हो' म्हणणारच होतो. बरं झालं, थांबलो!

कंपोस्टेबल म्हणजे ज्याचं खत होऊ शकतं ते. पण कुठे? युरोपच्या ईएन १३४३२ या मानकाप्रमाणे अशा वस्तूचा १२ आठवड्यांत भुगा व्हावा लागतो आणि सहा महिन्यांत ती ९० टक्के कुजावी लागते. पण हे सारं खताच्या कारखान्यात, साधारण ५८ अंशांच्या ढिगात. आपल्या गॅलरीतली कुंडी एवढी कशी तापणार?

आमच्या डब्याचा खालचा भाग उसाच्या चिपाडाचा होता. रस काढून उरलेल्या चिपाडाचा लगदा करतात आणि गरम साच्यात दाबतात. तो कुंडीत हळूहळू कुजतो. मात्र तेल झिरपू नये म्हणून अशा काही डब्यांत पीएफएएस नावाची रसायनं वापरलेली आढळली आहेत, आणि ती कुजत नाहीत. म्हणून मेथीच्या कुंडीत तो नको, असं मी ठरवलं. झाकण पीएलएचं, म्हणजे मक्याच्या स्टार्चपासून केलेलं प्लॅस्टिक. ते साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं, कढत आमटीवर वाकडं होतं. पण कुंडीत वर्षानुवर्षं तसंच राहील.

रंगाचीही गंमत बघा. तपकिरी म्हटलं की आपल्याला माती आठवते, हे डिझायनरला पक्कं ठाऊक असतं. पण कित्येक तपकिरी कागदी डब्यांना आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, आणि पांढरीशुभ्र ताटली चिपाडाची निघू शकते. आमच्या धंद्यातही असंच! प्रोग्रॅममध्ये लिहिलेला शेरा एक सांगतो आणि प्रोग्रॅम भलतंच करतो.

सिंगापूरमध्ये घरचा कचरा जाळतात. राख १९९९ पासून सेमाकाऊ बेटावर जाते, आणि ती जागा २०३५ च्या सुमारास भरेल असा सरकारी अंदाज आहे. पान छापलेला डबा कचऱ्यात टाकला की तोही त्याच भट्टीत जातो. पान खोटं बोलत नाही, अर्धंच बोलतं.

इथले काही हॉकर अजून नूडल्स 'ओपे'वर बांधून देतात. ओपे म्हणजे सुपारीच्या झावळीचं रुंद देठ. कोकणात त्याला विरी म्हणतात. त्यावर ना शिक्का, ना रंग. आजीकडच्या पळसाच्या पत्रावळीवर तरी कुठे काय छापलेलं असायचं? मात्र तीही कचऱ्यात टाकली तर जळणारच, बरं का.

शेवटी डब्याचा तळ फाडून मोगऱ्याच्या कुंडीत गेला आणि झाकण कचऱ्यात. मुलीने स्वतःचं लेबल काढलं: अर्धं पान, अर्धी ज्वाळा, खाली 'तळ कुंडीत, झाकण भट्टीत'. शेजारी ते छापलं आहे. पान हिरवं आहे, पण झेरॉक्समध्ये काळंच दिसेल.