यंत्राला शिकवायचं त्रैराशिक

मृग जवळ आला की अकोला-अमरावतीकडे घरच्या सोयाबीन बियाण्याची परीक्षा सुरू होते. ओल्या गोणपाटावर ओळीनं शंभर दाणे मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, अधूनमधून पाणी शिंपडायचं आणि आठवडाभरानं चांगले कोंब आलेले दाणे मोजायचे. सत्तर निघाले तर एकरी ३० किलो बियाणं पुरतं, ही कृषी खात्याची नेहमीची शिफारस. साठच निघाले तर ३० गुणिले ७०, भागिले ६०. म्हणजे ३५ किलो.

शाळेतलं व्यस्त त्रैराशिकच हे. पण आता असले प्रश्न मोबाइललाही विचारले जातात. राज्याच्या कृषी विभागाचं ‘महाविस्तार’ ॲप २०२५ मध्ये आलं. ते मराठीतला प्रश्न घेऊन मराठीतच उत्तर देतं. त्याच वर्षी राज्यानं शेतीसाठी स्वतंत्र एआय धोरणही मंजूर केलं. तेव्हा यंत्र हिशेब नेमका कसा करतं, हे पेरणी करणाऱ्यानंही थोडं समजून घ्यायला हरकत नाही.

भाषा शिकलेलं मॉडेल मुळात आकडेमोडीसाठी घडवलेलं नसतं. मागचा मजकूर पाहून पुढे काय यावं, याचा ते अंदाज बांधतं. लहानसहान गुणाकार त्याला जमतात; आकडे लांबले की तेवढ्याच आत्मविश्वासानं ते चुकीचं उत्तर ठोकून देतं. यावरचा उपाय म्हणजे हिशेबाचं काम दुसऱ्याकडे सोपवणं. जून २०२३ मध्ये ओपनएआयनं आपल्या मॉडेलांना बाहेरची साधनं वापरण्याची सोय दिली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकनं अशी साधनं जोडण्याची एक खुली पद्धत जाहीर केली. अशी साधनं स्वतः निवडून काम पुरं करणाऱ्या यंत्राला एजंट म्हणतात.

गंमत अशी की साधनाच्या पोटात काय आहे, हे एजंटला सहसा दिसतच नाही. त्याच्यापुढे असतं फक्त साधनाचं नाव, चार ओळींचं वर्णन आणि कोणती माहिती भरायची त्याची यादी. हिशेब करणारा प्रोग्राम कितीही बिनचूक असो, या चार ओळी ढिसाळ असल्या की सगळं मुसळ केरात.

समजा, बियाण्याच्या साधनावर एवढंच लिहिलं: ‘बियाणं काढतं. क्षेत्र आणि उगवण द्या.’ साठ टक्के उगवण एजंटनं ०.६ अशी पाठवली, तर उत्तर येईल एकरी ३५०० किलो. ही चूक निदान हसून सोडता येते. खरी घातक चूक दिसायला साळसूद असते. सातबाऱ्यावर १.२० लिहिलेलं असतं, ते हेक्टर-आरमध्ये; म्हणजे जवळपास तीन एकर. एजंटनं ते सव्वा एकराच्या आतलं धरलं, तर १०४ किलोऐवजी ४२ किलो सांगून मोकळा होईल. आकडा कुणालाही खटकणार नाही, खटकेल ते विरळ उगवलेलं शेत.

चांगलं वर्णन साधारण असं वाचायला हवं: ‘घरच्या सोयाबीन बियाण्याचं प्रमाण काढण्यासाठीच वापरा, कपाशीसाठी नको. उगवण १ ते १०० मधली संख्या. साठ टक्क्यांसाठी ६०, ०.६ नव्हे. क्षेत्र एकरांत, हेक्टर असेल तर २.४७ नं गुणा. एकक सांगितलं नसेल तर शेतकऱ्याला आधी विचारा. उत्तर किलोत येतं.’ एकक हा वेगळा रकानाच ठेवला तर आणखी उत्तम. चुकीचा आकडा आला तर साधनानं नुसतं ‘अवैध’ म्हणून गप्प बसू नये. ‘उगवण ०.६ आली, ६० म्हणायचं होतं का?’ असं विचारलं की एजंट आपली चूक स्वतःच सुधारून पुन्हा पाठवू शकतो.

साध्या गणकयंत्राचेही नखरे असतातच. मध्ये टोपीसारखं चिन्ह घालून लिहिलेलं २^३ आपण घात समजतो, उत्तर ८ धरतो; पायथन या संगणकी भाषेत त्याचं उत्तर १ येतं, कारण तिथं ते चिन्ह वेगळ्याच कामाचं आहे. आपल्या पद्धतीनं स्वल्पविराम देऊन लिहिलेलं १,००,००० तिथं एक लाख न होता तीन सुट्या संख्या होतात. आणि सव्वाशे, अडीचशे, पावणेदोनशे हे आधी आकड्यांत मांडून घ्यायला हवेत, हेही कुणीतरी लिहून ठेवावं लागतं. पावकी, निमकी घोकलेल्या पिढीला हे सांगावं लागत नव्हतं.

कापसात तर गोंधळाला आणखी वाव. शेतकरी कपाशी क्विंटलनं विकतो, सरकी काढलेल्या रुईचे भाव खंडीला निघतात आणि जिनिंगमध्ये माल गाठींत मोजतात. खंडी ३५६ किलोची, गाठ १७० किलोची. शेकडा ३४ रुई धरली तर पाच क्विंटल कपाशीची एक गाठ होते. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाला ८११० रुपये हमीभाव होता, तो क्विंटल कपाशीचा. बाजारातला खंडीचा भाव रुईचा. एजंटनं हे दोन आकडे शेजारी ठेवून तुलना केली, तर ती चूक एककाचीही असेल आणि मालाचीही. किलोत बदल करून एकक सुधारता येईल. कपाशी आणि रुईतला फरक मात्र वर्णनात लिहिलेला असेल तरच कळेल.

वजनमापाचा प्रश्न वऱ्हाडाला नवा नाही. कारंज्याचा कापूस बाजार १८८६ मध्ये सरकारी नियमांखाली आला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. देशातल्या बाजार समित्यांच्या कायद्यांची सुरुवात तिथून मानतात. त्या बाजारात वजनाचा वाद झाला तर तराजू समोर असायचा. ॲपच्या हिशेबात तराजू दिसत नाही. म्हणून बियाणं किती लागेल, असं विचारल्यावर आकडा आला की लगेच दुसरा प्रश्न टाकावा: क्षेत्र किती धरलं, एकर की हेक्टर, आणि उगवण किती? नीट वर्णन लिहिलेल्या साधनाचा एजंट या तिन्ही गोष्टी उत्तरातच सांगतो. न सांगणाऱ्याच्या भरवशावर बियाण्याचं पोतं फोडू नये.