गर्भपातानंतर तिच्या सोबतीला कोण?

सविता हलप्पनवार हे नाव बेळगावकरांना नवे नाही. माहेर बेळगावचे, पेशाने दंतवैद्य, लग्नानंतर आयर्लंडमध्ये गॉलवे येथे राहत होती. ऑक्टोबर २०१२ मध्ये सतराव्या आठवड्यात तिचा गर्भ टिकणार नाही हे स्पष्ट झाले. तिने गर्भपाताची विनंती केली. गर्भाचे ठोके चालू आहेत म्हणून ती नाकारली गेली. रक्तात जंतुसंसर्ग पसरून २८ ऑक्टोबरला ती गेली. वय अवघे ३१. पुढे २०१८ च्या सार्वमतात तेथील ६६.४ टक्के मतदारांनी बंदीचे कलम रद्द करण्याच्या बाजूने कौल दिला.

आपल्याकडे १९७१ पासून गर्भपाताचा कायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीनुसार ठरावीक कारणांसाठी २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे, तर काही स्त्रियांच्या बाबतीत २४ आठवड्यांपर्यंत दोघांचे मत लागते. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची सही कायद्याने लागत नाही. नाव गुप्त ठेवणे बंधनकारक आहे. गर्भलिंग पाहून केलेला गर्भपात मात्र गुन्हा आहे.

कायदा आहे, पण घरात बोलणे नाही. बाळंतिणीला शेकशेगडी, डिंकाचे लाडू, पाचवी, बारसे. गर्भपात झालेल्या बाईबद्दल "पिशवी साफ केली" एवढेच हळू आवाजात सांगितले जाते आणि ती दुसऱ्या दिवशी चुलीपाशी किंवा मागावर उभी असते.

तिच्या मनात काय असते? कुणाला सुटल्यासारखे वाटते, कुणाला रडू येते, कुणाला दोन्ही एकदम. हवेसे बाळ व्यंगामुळे किंवा स्वतःच्या जिवाला धोका असल्याने गमवावे लागले, तर ते दुःख मोठे असते. काहीच वाटले नाही, तरी त्यात गैर नाही. सर्वांत जास्त बोचते ते एकटेपण आणि "पाप केलंस" हे शब्द.

घरच्यांनी काय करावे? दवाखान्यात सोबत जावे. कारणे उकरून काढू नयेत. काही दिवस जड काम देऊ नये. ती बोलली तर ऐकावे, गप्प राहिली तरी जवळ बसावे. "लगेच दुसरं होईल" असे म्हणू नये. नवऱ्यानेही हे दुःख आपले मानावे.

डॉक्टरांना न विचारता दुकानातून गोळ्या आणून घेऊ नयेत. ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, असह्य पोटदुखी किंवा सलग दोन तास दर तासाला दोन पॅड भिजतील इतका रक्तस्राव झाल्यास तातडीने दवाखाना गाठावा. उदासी दोन आठवड्यांनंतरही हटली नाही, तर सरकारच्या 'टेली मानस'चा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे.

सविताने मागितले तेव्हा तिचे ऐकले गेले नाही. आपल्या घरातल्या लेकीसुनांचे तरी आपण ऐकू या.