कला आणि आयुष्यभराचे स्वास्थ्य : बारामती-इंदापूर परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

संत तुकाराम महाराजांचा पालखी सोहळा दरवर्षी आषाढी वारीत बारामती व इंदापूर तालुक्यांतून पंढरपूरकडे जातो. काटेवाडीस पालखीसाठी धोतराच्या पायघड्या अंथरल्या जातात व मेंढ्यांचे रिंगण होते. पुढे बेलवडी येथे अश्वांचे गोल रिंगण पार पडते. या काळात गायन, वादन, पावली, फुगडी यांत हजारो माणसे रममाण होतात. सोहळा पुढे गेला की गावे पुन्हा आपापल्या व्यवहाराला लागतात. वर्षाच्या उरलेल्या दिवसांत सामान्य माणसाच्या जीवनात कलेला कितपत स्थान उरते, हा प्रश्न प्रस्तुत लेखाच्या मुळाशी आहे. कलेपासून आरोग्यास होणारा लाभ हा मुख्यत्वे तिच्या नित्य सहवासाचा लाभ असतो, हे येथे स्पष्ट करावयाचे आहे.

कला स्वास्थ्यास साहाय्य कशी करते?

जागतिक आरोग्य संघटनेच्या १९४८ पासून अमलात असलेल्या घटनेनुसार आरोग्य म्हणजे शारीरिक, मानसिक व सामाजिक सुस्थिती होय. रोगाचा अभाव एवढाच त्याचा अर्थ नाही. याच संघटनेच्या युरोप विभागाने २०१९ मध्ये डेझी फॅनकोर्ट व सर्शा फिन यांनी सिद्ध केलेला अहवाल प्रसिद्ध केला. त्यात ३,००० हून अधिक अभ्यासांचा आढावा आहे. रोगप्रतिबंध व आरोग्यसंवर्धन हे कलेच्या उपयोगाचे एक क्षेत्र, तर रोगाचे व्यवस्थापन व उपचार हे दुसरे, अशी मांडणी त्यात आढळते. कलेच्या एकाच कृतीत अनेक घटक एकवटलेले असतात. भजनाचे उदाहरण घेतल्यास, गाताना श्वासाचे नियमन होते, टाळ व पावली यांमुळे शरीराची हालचाल होते, अभंग पाठ असल्याने स्मरणशक्ती राबते, भावनेला वाट मिळते आणि चार माणसांची संगत लाभते.

बालपण व शिक्षण

कॅनडातील मानसशास्त्रज्ञ ग्लेन शेलेनबर्ग यांनी २००४ मध्ये सहा वर्षे वयाच्या १४४ मुलांवरील प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. संगीत शिकलेल्या मुलांच्या बुद्ध्यंकात इतरांपेक्षा किंचित अधिक वाढ दिसली, तर नाट्यशिक्षण घेतलेल्या मुलांच्या सामाजिक वर्तनात सुधारणा आढळली. संगीताने बुद्ध्यंक वाढतो या निष्कर्षास नंतरच्या अनेक अभ्यासांनी दुजोरा दिलेला नाही. तथापि दुसऱ्याची भूमिका वठविताना दुसऱ्याचे मन जाणण्याचा सराव होतो, हे शिक्षकांच्या नित्य अनुभवाचे आहे. पुण्यात १९८६ पासून मोहन आगाशे यांनी बर्लिनच्या ‘ग्रिप्स’ बालनाट्याची रुजवण केली. मुलांचे खरेखुरे प्रश्न मुलांसमोर मांडणे हे त्या नाट्याचे वैशिष्ट्य होय. आगाशे हे व्यवसायाने मनोविकारतज्ज्ञ आहेत, ही गोष्ट येथे लक्षणीय आहे.

प्रौढावस्था : जात्यावरची ओवी

प्रौढ स्त्रीच्या मनःस्वास्थ्याशी कलेचा संबंध किती निकटचा होता, याचा उत्तम पुरावा म्हणजे जात्यावरच्या ओव्या. गी पॉइत्व्हँ व हेमा राईरकर यांनी महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातून अशा एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या. माहेरची ओढ, सासरचा जाच, लेकरांची काळजी, विठ्ठलाशी सलगी हे सर्व त्यांत येते. जे उघड बोलता येत नसे, ते पहाटे जात्याच्या घरघरीत गाता येत असे. पिठाच्या गिरण्या आल्या आणि स्त्रीचे कष्ट कमी झाले, हे इष्टच झाले. परंतु कष्टाबरोबर मन मोकळे करण्याची रोजची जागाही गेली. तिच्याऐवजी दुसरी जागा आपण निर्माण केली काय, याचा विचार झालेला दिसत नाही.

समूह व वार्धक्य

प्रयाग येथील माघ मेळ्यात महिनाभर राहणाऱ्या कल्पवासींचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. मेळ्यास न गेलेल्यांच्या तुलनेत कल्पवासींनी आपल्या स्वास्थ्यात सुधारणा झाल्याचे नोंदविले. थंडी, गर्दी व गैरसोय असूनही असे घडावे, यातून समूहभावनेचे सामर्थ्य दिसते. वारीचा अनुभव याहून फारसा वेगळा नसावा. मात्र वारकऱ्याची वारी वर्षभराच्या हरिपाठावर व एकादशीच्या भजनावर उभी असते, हे विसरता येत नाही.

वार्धक्याविषयी इंग्लंडमधील अभ्यास उद्बोधक आहे. पन्नाशीपुढील ६,७१० व्यक्तींचा १४ वर्षे मागोवा घेऊन २०१९ मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले गेले. नाट्यगृहे, संगीतसभा, संग्रहालये येथे काही महिन्यांच्या अंतराने नियमित जाणाऱ्यांमध्ये, कधीच न जाणाऱ्यांच्या तुलनेत, मृत्यूचा धोका ३१ टक्क्यांनी कमी आढळला. वर्षातून एकदोनदा जाणाऱ्यांमध्ये तो १४ टक्क्यांनी कमी होता. नियमिततेचे महत्त्व येथे आकड्यांतून व्यक्त होते.

मर्यादा

हा अभ्यास निरीक्षणात्मक आहे. प्रकृती व सांपत्तिक स्थिती चांगली असलेली माणसेच कलेकडे अधिक वळत असतील, ही शक्यता संशोधकांनी विचारात घेतली असली तरी ती पूर्णतः नाकारता येत नाही. अमुक राग ऐकल्याने अमुक व्याधी बरी होते, असे दावे तर सावधपणेच घ्यावयास हवेत. कला औषधोपचारास पूरक आहे. ती त्याची जागा घेऊ शकत नाही.

समारोप

कवी मोरोपंत (१७२९-१७९४) यांचे वास्तव्य बारामतीस होते. त्यांच्या आर्या कीर्तनकारांनी गावोगावी पोहोचविल्या आणि अक्षरओळख नसलेल्यांनाही त्या श्रवणाने लाभल्या. कला लोकांच्या दैनंदिन जीवनात नेण्याची ही परंपरा आपल्याच मातीतील आहे. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने दहावीपर्यंत कलाशिक्षण अनिवार्य असावे असे सुचविले आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने कलेची अध्यापनाशी सांगड घालण्यावर भर दिला. तरीही परीक्षा जवळ आली की प्रथम कलेचाच तास कापला जातो. महाविद्यालयांत कला बव्हंशी स्नेहसंमेलन व युवक महोत्सव यांपुरती उरते, आणि तेथेही निवडक विद्यार्थीच मंचावर असतात, बाकीचे प्रेक्षक. प्राध्यापकांना यात बदल घडविणे अशक्य नाही. वेळापत्रकात सर्वांसाठी आठवड्याचा एक तास राखावा. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात विद्यार्थ्यांनी वृद्ध स्त्रियांकडून ओव्या ऐकून लिहून घ्याव्यात. गावच्या भजनी मंडळास महाविद्यालयात आमंत्रित करावे. ओवी सांगणारी आजी आणि ती लिहून घेणारी विद्यार्थिनी, या दोघींनाही त्यातून काही लाभेल. ज्या स्त्रियांना ओव्या मुखोद्गत आहेत त्या आता वयोवृद्ध झाल्या आहेत. म्हणून हे कार्य लांबणीवर टाकता येणार नाही.