काचेवरचा साक्षीदार

२०२४ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. सकाळचे सव्वानऊ वाजले होते. नेहमीप्रमाणे टिळकवाडीहून खानापूरला कॉलेजला निघाले होते. पिरनवाडीच्या पुढे रस्त्याच्या कडेला एक ट्रक उभा होता. त्याच्या आडून एक दुचाकी अचानक समोर आली. माझ्याच बाजूने, पण उलट्या दिशेने. दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या लावलेल्या. मी ब्रेक लावला, गाडी थांबलीही. पण एक किटली माझ्या उजव्या दिव्यावर आदळली आणि दूधवाले मामा दुधासकट रस्त्यावर आले.

सुदैवाने त्यांना फक्त खरचटले होते. मी खाली उतरेपर्यंत पंधरा-वीस माणसे जमली होती. त्यांतल्या एकानेही अपघात पाहिला नव्हता, पण निकाल सर्वांकडे तयार होता. "बाईच्या हातात गाडी दिली की असंच होतंय बघा," असे एकजण म्हणाला. दुसरा कन्नडमध्ये काहीतरी बोलला. माझे कन्नड बाजारापुरते असले तरी एवढे मला समजले, की तोही तेच म्हणत होता. उलट्या बाजूने कोण आले, हे विचारावेसे कुणालाही वाटले नाही. पहिला तास होता, मुलांची चाचणी होती. चार हजार रुपये देऊन मी सुटका करून घेतली. दिव्याचा खर्च वेगळा.

संध्याकाळी घरी सगळे सांगितले, तर यजमानांचा पहिला प्रश्न : "पण तू हॉर्न दिला होतास ना?"

रस्त्यावरच्या माणसांपेक्षा हा प्रश्न मला अधिक लागला. बावीस वर्षे गाडी चालवते आहे, आणि घरातही साक्ष माझीच अपुरी पडावी! त्याच रात्री ठरवले, गाडीत कॅमेरा बसवायचा.

हा 'डॅश कॅम' म्हणजे मोठे प्रकरण असेल, अशी माझी समजूत होती. २०१३ च्या फेब्रुवारीत रशियात चेल्याबिन्स्क शहरावर उल्का फुटली, तेव्हा तिची चित्रे जगभर दिसली ती तिथल्या मोटारींतल्या अशाच कॅमेऱ्यांमुळे. आता आपल्याकडे काही गाड्यांत तो कंपनीतूनच बसवून येतो. २०२३ साली आलेल्या ह्युंदाई एक्स्टरच्या वरच्या मॉडेलांत तो आहे. आमच्या जुन्या वॅगन-आरसाठी मात्र वेगळा घ्यायला हवा होता. क्यूबो, सीपी प्लस, सेव्हंटीमाय अशी नावे बाजारात दिसतात. फक्त पुढचे दृश्य टिपणारा साधा कॅमेरा साधारण तीन ते पाच हजारांत येतो. म्हणजे पिरनवाडीला मी जे मोजले, तेवढ्यातच.

दुकानदार सर्वांत आधी दाखवतो ते चित्राचे आकडे. 'फोर-के' असे खोक्यावर मोठ्या अक्षरांत असते. स्वस्त कॅमेऱ्यात ते बरेचदा लहान चित्र ताणून मोठे केलेले असते. आपल्या कामाला १०८० पी, सेकंदाला ३० चित्रे, एवढे चांगले पुरते. दुसरा मोह रुंद कोनाचा. १७० अंशांत सगळा रस्ता मावतो खरा, पण पुढच्या गाडीचा नंबर मुंगीएवढा दिसतो. १३०-१४० अंश बरे. एक गोष्ट दुकानदार आपणहून सांगत नाही, ती अशी, की रात्री समोरून येणाऱ्या गाडीचा नंबर महागड्या कॅमेऱ्यातही सहसा वाचता येत नाही, कारण दिव्याच्या झोतात पाटी पांढरी होऊन जाते. त्यावर उपाय सोपा आहे. नंबर डोळ्यांनी दिसला की मोठ्याने म्हणायचा, आवाज तरी नोंदला जातो.

खरा प्रश्न विचारायचा तो वेगळाच : आत बॅटरी आहे की कपॅसिटर? आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत उन्हात उभ्या गाडीच्या काचेमागे साठ अंशांच्या आसपास तापमान जाऊ शकते. अशा उष्णतेत लिथियमची छोटी बॅटरी फुगते, कधी कॅमेऱ्याचे कवच उचकटते. सुपर-कपॅसिटर फक्त काही सेकंदांची वीज साठवतो, गाडी बंद झाल्यावर शेवटची फाइल नीट जतन होण्यापुरती, पण उष्णता तो अधिक सोसतो. पाच-सातशे रुपये जास्त पडले तरी तोच घ्यावा. मी तसा घेतला. छोटा पडदा असलेला घेतला, कारण दर वेळी मोबाइलला जोडून बघण्याइतका धीर माझ्याकडे नाही.

बसवण्याचे पाचशे रुपये दुकानदार वेगळे मागत होता. एका रविवारी आम्ही दोघांनीच बसवला. जागा आरशाच्या मागे, डाव्या अंगाला, म्हणजे चालवणाऱ्याच्या नजरेआड. पण वायपर जिथवर फिरतो त्या भागातच हवा, नाहीतर पावसाळ्यात नुसते पाण्याचे ओघळ दिसतात. काचेच्या वरच्या कडेला काळ्या ठिपक्यांची पट्टी असते, तिच्यावर टेप नीट धरत नाही. काच स्पिरिटने पुसून, कोरडी करून, गरम दुपारी चिकटवायचा, मिनिटभर दाबून धरायचा, आणि शक्य तर कॅमेऱ्याचे वजन दुसऱ्या दिवशी टांगायचे. दमट हवेत चिकटवलेला कॅमेरा चार दिवसांत डॅशबोर्डावर पडलेला मी शेजाऱ्यांकडे पाहिला आहे.

वायर समोर लोंबकळू द्यायची नाही. छताच्या कापडाच्या कडेत लायब्ररीच्या जुन्या कार्डाने ती खोचत नेली, मग दरवाजाच्या रबरातून खाली, पुढच्या कप्प्याखालून चार्जिंगच्या सॉकेटपर्यंत. ज्यांच्या गाडीत बाजूच्या खांबात पडदा-एअरबॅग असते, त्यांनी मात्र वायर तिच्यावरून नेऊ नये. एअरबॅग उघडताना अडथळा नको, त्यामुळे ती मागून न्यावी लागते, आणि हे जमत नसेल तर माहितगार माणसाकडून करून घ्यावे. गाडी उभी असतानाही चित्रण हवे असेल तर फ्यूजबॉक्समधून वीज घेण्याचा संच वेगळा मिळतो. बॅटरी उतरू लागली की आपोआप बंद होण्याची सोय त्यात असली पाहिजे, नाहीतर सकाळी गाडी ढकलण्याची पाळी येते. आमची गाडी रात्री आवारात असते, म्हणून मी त्या फंदात पडले नाही.

हे सगळे छान झाले. आणि मग जुलैत माझी फजिती झाली.

भर पावसात उद्यमबागेजवळ एका टेंपोने डावीकडून घासत नेले. आरसा गेला, दारावर ओरखडा. टेंपोवाला उतरून म्हणाला, "मॅडम, तुम्हीच आत दाबली की हो." या वेळी मी शांत होते. "दादा, गाडीत कॅमेरा आहे," असे मी दिमाखात सांगितले. तो जरा वरमला. नंबर लिहून घेतला आणि घरी येऊन कार्ड कॉम्प्युटरला लावले. शेवटची फाइल होती २४ जूनची. त्यानंतर काहीही नव्हते. जवळजवळ तीन आठवडे मी एक रिकामा डोळा काचेवर मिरवत होते!

दोष माझाच होता. कॅमेऱ्यावर खर्च केल्यावर कार्डावर कशाला, म्हणून चिरंजीवांच्या जुन्या मोबाइलमधले कार्ड घातले होते. डॅश कॅम एक ते तीन मिनिटांच्या फाइली करत जातो आणि कार्ड भरले की सर्वांत जुनी पुसून तिच्या जागी नवी लिहितो. हे लिहिणे-पुसणे गाडी चालू असेपर्यंत अखंड चाललेले असते. साधे कार्ड एवढ्या झिजेसाठी बनवलेलेच नसते. 'हाय एंड्युरन्स' लिहिलेली कार्डे खास यासाठी मिळतात. ६४ जीबीच्या कार्डात १०८० पी चित्रण साधारण दहा तासांचे मावते, माझ्या जाण्या-येण्याला ते आठवडाभर पुरते. नकली कार्डांचा सुळसुळाट आहे, तेव्हा माहितीच्या दुकानातून, पावती घेऊनच आणावे.

कार्ड बिघडल्याची सूचना कॅमेऱ्याने दिली नसेल का? दिली असणार. पण त्यातली बाई गाडी सुरू करताना दर वेळी इंग्रजीत बोलत असे, तिचा आवाज मीच पहिल्या आठवड्यात बंद करून टाकला होता.

आणखी एक घोळ त्याच दिवशी लक्षात आला. धक्का बसला की त्या वेळची फाइल 'कुलूपबंद' करणारा एक सेन्सर यात असतो. ती फाइल मग पुसली जात नाही. माझा सेन्सर सर्वांत नाजूक पायरीवर होता. परिणामी रस्त्यातला प्रत्येक खड्डा त्याला अपघात वाटला होता. खड्ड्यांच्या कुलूपबंद फाइलींनीच अर्धे कार्ड भरले होते. आता तो सर्वांत कमी पायरीवर ठेवला आहे. तारीख-वेळ बरोबर लावली आहे. दर सोमवारी गाडी काढण्यापूर्वी मागच्या दिवसाची एक फाइल पडद्यावर उघडून बघते आणि महिन्यातून एकदा कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करते. यापलीकडे त्याचे काही कोडकौतुक लागत नाही.

टेंपोवाल्याचे पुढे काय झाले? काही नाही. पुरावा नव्हता, आरसा मी घेतला.

पुरावा असता तरी तो जपावा लागतो, हे मला एका वकील विद्यार्थिनीने समजावले. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला आहे. त्याच्या कलम ६३ नुसार अशा इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत कोर्टात द्यायची तर सोबत ठराविक नमुन्यातले प्रमाणपत्र लागते. त्याचा एक भाग आपण भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. पूर्वी हेच काम पुराव्याच्या कायद्यातले कलम ६५-ब करत असे. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीवरून अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यात जो खटला झाला, त्यात निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या चित्रीकरणाचाच प्रश्न होता. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की प्रतीसोबत प्रमाणपत्र हवेच. मूळ उपकरणच मालकाने साक्षीला उभे राहून हजर केले तर गोष्ट वेगळी. म्हणून अपघात झाला की कॅमेरा बंद करावा, कार्ड काढून पाकिटात ठेवावे, त्यात काटछाट करू नये. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला व्हिडिओ दाबून लहान होतो, तेव्हा ती प्रत म्हणजे मूळ नव्हे. आणि कुणाचा चेहरा, कुणाचा नंबर असलेले चित्रण गंमत म्हणून चार गटांत फिरवणे तर मुळीच बरे नव्हे.

आवाजाबद्दल मात्र आमच्या घरात मतभेद झाले. चिरंजीवांनी एकदा सहज फाइल लावली, तर पडद्यावर चोर्ला घाटातले सुंदर धुके आणि मागे माझा नि नणंदबाईंचा संवाद. विषय सांगत नाही. सासूबाई तिथेच बसल्या होत्या. "ऐकू दे की, बंद कशाला करतोस?" असे त्या म्हणाल्या, तेव्हा मी उठून चहा टाकायला गेले. गाडी ही आपल्याकडे घरातली सर्वांत खासगी खोली असते, हे कॅमेरा बनवणाऱ्यांना कुणीतरी सांगायला हवे. माइक बंद ठेवावा, तर रात्री नंबर मोठ्याने म्हणण्याची युक्ती वाया जाते. शेवटी तोडगा असा निघाला, की मी एकटी असताना माइक चालू, सवारी असताना बंद. आणि विद्यार्थिनी कधी पावसात बरोबर येतात तेव्हा त्यांना आधी सांगते, की बाळांनो, पुढे कॅमेरा आहे, आवाज बंद आहे.

नवे कार्ड घातल्यानंतर डिसेंबरात गणेबैलजवळ पुन्हा एकदा घासाघीस झाली. एक तरुण मोटारसायकलस्वार. पुन्हा माणसे जमली, पुन्हा "बाई" सुरू झाले. मी कॅमेऱ्याचा पडदा सुरू करून सर्वांसमोर फाइल लावली. पाच-सहा डोकी दारातून आत वाकली. तो मुलगा भरधाव डावीकडून घुसला होता, हे स्वच्छ दिसले. पण मीही डावीकडे सरकताना इंडिकेटर दिलेला नव्हता. खटक्याचा आवाज त्यात कुठेच नव्हता, आणि माइक चालू होता. एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, "दोघं बी चुकलाय बघा." यावर बोलण्यासारखे काही उरले नाही. त्याने आपला वाकडा झालेला आरसा सरळ केला, मी माझा ओरखडा बघितला आणि दोघेही निघालो. तीन मिनिटांत.

ती फाइल यजमानांनाही दाखवली. त्यांनी दोनदा पाहिली. काही बोलले नाहीत.

पिरनवाडीचे दूधवाले मामा अजूनही त्याच वेळेला, त्याच उलट्या बाजूने येतात. मी आता ट्रक दिसला की आधीच वेग कमी करते. काचेवर काय लावले आहे हे त्यांना कुणीतरी सांगितलेले दिसते. परवा त्यांनी जाता जाता कॅमेऱ्याकडे बघून हात हलवला.