३+ च्या पलीकडे: लहान मुलांसाठी गेम कसा निवडावा

नवी मुंबईच्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून विमाने उडू लागली आणि शेजारच्या करंजाड्यातल्या मुलांना घरबसल्या विमान दिसू लागले. अशा घरातल्या पाच वर्षांच्या पोराने ‘मला विमानाचा गेम हवा’ म्हणून हट्ट धरला तर नवल नाही. अडचण पुढे येते. प्ले स्टोअरमध्ये शोधायला गेले की विमानाच्या गेमची न संपणारी रांग उघडते. कुठे लढाऊ विमान बॉम्ब टाकते आहे, कुठे खऱ्या पायलटलाही घाम फुटेल असे कॉकपिट आहे, तर कुठे हसऱ्या डोळ्यांचे गुलाबी विमान ढगांतून डोकावते आहे. सगळ्यांखाली तारे, सगळ्यांचे डाउनलोड लाखांत. पनवेल स्टेशनवरून रिक्षा करून दमून घरी आलेल्या आईबाबांनी यातून निवडायचे कसे? बहुधा पोर बोट दाखवते तो गेम उतरतो आणि कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत घर शांत राहते.

तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी गेम निवडायची याहून बरी पद्धत आहे. तिला तासभर लागतो आणि तिच्यात तीन प्रश्न आहेत: गेममध्ये काय आहे, त्याचा खर्च कुठून निघतो, आणि तो थांबतो का?

शिक्का काय सांगतो

सिनेमाला आपल्याकडे सेन्सॉर बोर्डाचे प्रमाणपत्र लागते. गेमसाठी असे सरकारी मंडळ भारतात नाही. प्ले स्टोअरवर गेमच्या नावाखाली दिसणारा ३+, ७+, १२+, १६+ किंवा १८+ हा आकडा इंटरनॅशनल एज रेटिंग कोएलिशन, म्हणजे ‘आयएआरसी’च्या पद्धतीतून येतो. गुगलने ती २०१५ मध्ये स्वीकारली. गेम बनवणाऱ्याने एक प्रश्नावली भरायची असते: मारामारी आहे का, रक्त दिसते का, शिव्या आहेत का, जुगार आहे का, भीती वाटेल असे काही आहे का. त्या उत्तरांवरून आकडा आपोआप ठरतो. अ‍ॅपलची प्रश्नावली वेगळी आणि तिचे टप्पेही वेगळे. २०२५ मध्ये केलेल्या बदलानंतर ते ४+, ९+, १३+, १६+ आणि १८+ असे आहेत.

वयाचा शिक्का देण्याच्या या पद्धतीचे मूळ अमेरिकेत आहे. ‘मॉर्टल कॉम्बॅट’सारख्या रक्तबंबाळ गेमवरून १९९३ मध्ये तिथल्या सिनेटमध्ये सुनावण्या झाल्या आणि सरकारने कायदा करण्याआधी गेम उद्योगाने १९९४ मध्ये ‘ईएसआरबी’ हे स्वतःचे मंडळ उभे केले. युरोपात ‘पेगी’ २००३ मध्ये आले. भांडण पडद्यावरच्या रक्ताचे होते, म्हणून मोजमापही प्रामुख्याने पडद्यावर काय दिसते याचेच ठरले. त्या काळी गेम एकदा विकत घेतला की व्यवहार संपत असे. आजचा फुकट गेम मुलाच्या हातात पडल्यावर व्यवहार सुरू करतो, आणि तो किती चिकट आहे हे वयाच्या आकड्यात उतरत नाही.

बिस्किटाच्या पुड्यावरचा हिरवा ठिपका पदार्थ शाकाहारी आहे एवढेच सांगतो. साखर किती हे कळायला पुडा उलटा करावा लागतो. ३+ चेही तसेच आहे. तीन वर्षांच्या मुलाला घाबरवेल असे त्यात काही नाही, इतकाच त्याचा अर्थ. तो गेम तीन वर्षांच्या मुलाला खेळता येईल किंवा त्यातून काही शिकता येईल, असे तो म्हणत नाही. विमान चालवण्याच्या एखाद्या अवघड गेमलाही ३+ मिळू शकतो, कारण त्यात कोणी कोणाला मारत नाही.

म्हणून आकडा फक्त चाळणीसाठी वापरा. पाच वर्षांच्या मुलासाठी ७+ आणि त्याच्या वरचे सगळे बाजूला ठेवा. बॉम्ब टाकणारी विमाने बहुतेक इथेच गळतात.

पैसे कोण देतो

आता गेमच्या नावाखालची बारीक अक्षरे वाचा. ‘कन्टेन्स अ‍ॅड्स’ म्हणजे जाहिराती आहेत. ‘इन-अ‍ॅप पर्चेसेस’ म्हणजे गेमच्या आत काहीतरी विकायला ठेवले आहे. ‘अबाउट धिस गेम’ उघडून खाली गेलात तर त्या वस्तूंच्या किमती ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ अशा दिलेल्या असतात. त्यातला वरचा आकडा बघा. लहान मुलांच्या गेममध्ये एका वस्तूची किंमत हजारांत जात असेल, तर तो गेम कोणाच्या खिशावर डोळा ठेवून बनवला आहे ते वेगळे सांगायला नको.

आपल्या शहरातलेच उदाहरण घेऊ. ‘लुडो किंग’ हा गेम नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीने २०१६ मध्ये आणला आणि २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तो घराघरांत पोचला. लुडो हा खेळ निर्मळ. पण अ‍ॅपमध्ये जाहिराती आहेत, खरेदी आहे, आणि ऑनलाइन खेळताना समोर अनोळखी माणूस असू शकतो. त्याच अ‍ॅपमध्ये एकच फोन हातोहात फिरवत घरच्यांनी खेळायचीही सोय आहे. सहा वर्षांच्या मुलीने आजीबरोबर तसा लुडो खेळायला हरकत नाही. तिने एकटीने ऑनलाइन डाव मांडायला आहे. गेम निवडताना तो कोणत्या प्रकारे खेळायचा, हेही ठरवावे लागते ते असे.

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर आणि त्यांच्या जाहिरातींवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायद्याने बंदी घातली. पण मुलांच्या गेममध्ये विकली जाणारी नाणी, हिरे आणि कपडे त्या बंदीत येत नाहीत, कारण तिथे पैसे जिंकायचे नसतात, नुसते घालवायचे असतात. तिथली राखण आपल्यालाच करायची आहे.

एकदाच पैसे मोजून घ्यायचा गेम आपल्याकडे लोकांना नको असतो. पण शंभर-दोनशे रुपयांत जाहिराती आणि खरेदी दोन्हींपासून सुटका होत असेल, तर तो सौदा महाग नाही.

आधी तुम्ही खेळा

स्टोअरमधली ही माहिती वाचून दोन-तीन गेम उरले की ते उतरवा आणि मूल झोपल्यावर प्रत्येक गेम पंधरा मिनिटे स्वतः खेळा. या पद्धतीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे.

पहिली जाहिरात किती वेळाने येते? ती बंद करायची फुली सहज सापडते का, की पाच वर्षांच्या बोटाने चुकून जाहिरातच उघडेल? या वयात जाहिरात कुठे संपली आणि गेम कुठे सुरू झाला हे मुलांना नीट कळत नाही, त्यामुळे गेमसारखीच दिसणारी जाहिरात सगळ्यात वाईट.

मग हरून बघा. हरल्यावर गेम काय करतो? ‘पुन्हा खेळ’ म्हणत असेल तर ठीक. ‘जाहिरात बघ म्हणजे एक जीव मिळेल’ किंवा ‘हिरे घे आणि पुढे जा’ म्हणत असेल तर तो मुलाच्या रडण्यावर चालणारा धंदा आहे. रोज येण्याचे बक्षीस, उद्या आला नाहीस तर बुडणारी कमाई, घड्याळ लावून ठेवलेली पेटी, हे सगळे मोठ्यांनाही सोडवत नाही, तिथे पहिलीतल्या मुलाचे काय?

चॅट आहे का ते शोधा. वाचता न येणाऱ्या मुलालाही व्हॉइस चॅटवर बोलता येते. आठ वर्षांखालच्या मुलाच्या गेममध्ये अनोळखी माणसाशी बोलायची वाट नकोच.

शेवटी एअरप्लेन मोड सुरू करून तोच गेम पुन्हा उघडा. इंटरनेटशिवाय तो नीट चालला, तर मुलाला देताना तसाच द्या. बहुतेक जाहिराती त्या एका बटणाने गप्प होतात. इंटरनेट नाही म्हणून गेम उघडायलाच तयार नसेल, तर शक्यतो दुसरा शोधा.

आणि स्वतःला विचारा: यात थांबायची जागा आहे का? चित्र पूर्ण होते, कोडे सुटते, डाव संपतो, तिथे ‘आता पुरे’ म्हणता येते. नुसते धावत राहायच्या गेममध्ये ती जागाच नसते, मग फोन हिसकावून घ्यावा लागतो आणि रडारड होते.

कुलूप लावा

घरात एकच फोन फिरत असेल तर आधी प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये जाऊन ‘फॅमिली’खालचे ‘पेरेंटल कंट्रोल्स’ सुरू करा, पिन ठेवा आणि वयाची मर्यादा निवडा. हे कुलूप पुढे उतरणाऱ्या गेमपुरते असते. आधीपासून फोनमध्ये असलेले गेम, ब्राउझरमध्ये खेळायचे गेम आणि व्हॉट्सअ‍ॅपवर कोणी पाठवलेली एपीके फाइल त्याच्या कक्षेत येत नाहीत. एपीके तर उघडूच नका.

मग प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोटाचा ठसा लागेल अशी सोय करा. ओटीपी येतो म्हणून निर्धास्त राहू नका. तो त्याच फोनवर येतो आणि आकडे बालवाडीतच शिकवतात. आयफोनवर ‘स्क्रीन टाइम’मध्ये जाऊन अ‍ॅपमधली खरेदी पूर्ण बंद करता येते.

‘फ्री ट्रायल’ घेताना आईबाबाच यूपीआय पिन टाकतात आणि त्यातून ऑटोपे सुरू होते. नंतर दर महिन्याला किंवा वर्षाला पैसे परस्पर जातात. गेम काढून टाकला तरी सबस्क्रिप्शन थांबत नाही. ते प्ले स्टोअरच्या ‘सबस्क्रिप्शन्स’मध्ये जाऊन रद्द करावे लागते.

फोन हातात देताना ‘अ‍ॅप पिनिंग’ वापरा. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये सिक्युरिटीच्या सेटिंग्जमध्ये ते सापडते. त्याने पडद्यावर तो एकच गेम राहतो आणि पिन मागण्याचा पर्याय सुरू केला असेल तर पिन टाकल्याशिवाय बाहेर पडता येत नाही. ऑफिसचा ग्रुप आणि बँकेचे अ‍ॅप दोन्ही वाचतात. मुलाला वेगळा टॅब दिला असेल तर गुगलचे ‘फॅमिली लिंक’ लावा, म्हणजे प्रत्येक नव्या अ‍ॅपची परवानगी तुमच्या फोनवर मागितली जाईल.

किती वेळ

इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे कार्यालय पनवेल लोकलच्याच मार्गावर, जुईनगर स्टेशनजवळ आहे. तिच्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षांखाली नातेवाइकांशी व्हिडिओ कॉल सोडून पडदा नको. दोन ते पाच वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही एका बैठकीला वीस-तीस मिनिटांहून अधिक नाही. पाच ते दहा वर्षांत दोन तासांच्या आत. यात कार्टून, यूट्यूब आणि गेम सगळे आले. वीस मिनिटे सांगून पाच वर्षांच्या मुलाला कळत नाहीत. ‘दोन कोडी’ किंवा ‘एक डाव’ सांगितले की कळते.

काही नावे

‘खान अकॅडमी किड्स’ दोन ते आठ वर्षांसाठी आहे, फुकट आहे, त्यात जाहिराती नाहीत आणि खरेदीही नाही. भाषा इंग्रजी आहे, त्यामुळे शेजारी बसून मराठीत बोलत खेळवलेत तर दोन्ही भाषा कानावर पडतात.

‘स्क्रॅच ज्युनिअर’ अमेरिकेतल्या एमआयटी आणि टफ्ट्स विद्यापीठाच्या लोकांनी २०१४ मध्ये आणले. पाच ते सात वर्षांच्या मुलांनी चित्रांचे ठोकळे जोडून पात्रे हलवायची, अशी त्याची रचना. ठोकळ्यांवर अक्षरे नाहीत, म्हणून वाचता येत नसले तरी अडत नाही. विमानाचा हट्ट इथे छान भागतो: मूल स्वतः विमान काढते, रंगवते आणि ठोकळे लावून उडवते.

नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला. घरात बुद्धिबळाची हौस असेल तर ‘लीचेस’ बघा. तो पूर्ण फुकट आणि जाहिरातीविना आहे, आणि त्यातला ‘किड मोड’ सुरू केला की इतरांशी बोलायची सोय बंद होते.

सात-आठ वर्षांच्या मुलाला ‘माइनक्राफ्ट’ चालेल. युरोपात त्याला ७ चा शिक्का आहे. पैसे मोजून घ्यावा लागतो. ‘क्रिएटिव्ह’ प्रकार आणि ‘पीसफुल’ पातळी निवडा, ऑनलाइन सर्व्हर बंद ठेवा. मग उरते ते घरे आणि पूल बांधणे.

नवे गेम रोज येतील आणि ही नावे जुनी होतील. तीन प्रश्न तेच राहतील. नियमही एकच पुरे: जो गेम तुम्ही स्वतः पंधरा मिनिटे खेळलेला नाही, तो मुलाच्या हातात देऊ नका.