आभासी मोटारशर्यती: गुण आणि बक्षिसांचे गणित

अमेरिकेतील नॅसकार या स्टॉक कार शर्यतींच्या २००३ सालच्या मोसमात रायन न्यूमन याने सर्वाधिक ८ शर्यती जिंकल्या. तरीही तो एकूण क्रमवारीत सहावा आला. केवळ एक शर्यत जिंकलेला मॅट केन्सेथ विजेता ठरला. १९७५ पासूनच्या त्या गुणपद्धतीत पहिल्या क्रमांकाला १७५, तर दुसऱ्याला १७० गुण मिळत. साहजिकच विजयापेक्षा सातत्य अधिक फलदायी ठरे. २००४ मध्ये अखेरच्या १० शर्यतींसाठी विजेतेपदाची स्वतंत्र फेरी सुरू झाली.

संगणकावरील आभासी मालिका आखणाऱ्यांपुढे हाच पेच अधिक बिकट असतो. प्रत्यक्ष शर्यतीत अपघात जिवावर आणि खिशावर बेततो. संगणकावर मात्र चक्काचूर झालेली मोटार पुढच्या शर्यतीत नवीकोरी उभी राहते. त्यामुळे संयम राखण्याची जबाबदारी बरीचशी गुणतक्त्यावर येते. पहिल्या दोन क्रमांकांत फार अंतर ठेवल्यास अखेरच्या फेरीत धडक देण्याचा मोह वाढतो. अगदी कमी ठेवल्यास जिंकण्याची ईर्ष्या मावळते.

बक्षिसांचेही तसेच आहे. आयरेसिंग या संगणकीय मंचावरील नॅसकार मालिकेत २०२० मध्ये एकूण ३ लाख डॉलरहून अधिक रकमेची बक्षिसे होती. त्यांपैकी १ लाख डॉलर विजेत्यासाठी होते. मात्र सारी रक्कम अग्रभागीच वाटली गेली, तर मागे पडलेले स्पर्धक मोसमाच्या मध्यावरच माघार घेण्याची शक्यता असते. म्हणूनच काही वाटा प्रत्येक शर्यतीसाठी आणि निर्दोष चालनासाठी राखून ठेवणे हिताचे ठरते. प्रतिस्पर्धीच उरले नाहीत, तर विजेतेपदाला अर्थ उरत नाही.